कडेवरची मोजणी

रक्ताची मला किळस येत नाही. बावीस वर्षं मी जिल्ह्याच्या हॉस्पिटलात माणसांच्या यकृताचे तुकडे मेणात बसवते, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापते, रंगवते आणि काचेवर चढवते. चिकट भात आणि भाजलेल्या माशाचा डबा शेजारच्याच खोलीत उघडते. किळस येते ती खादाड पेशींची.

खादाड पेशी हे आमच्या लॅबमधलं नाव. मेलेलं, सडलेलं, परकं, जे दिसेल ते गिळून शरीर साफ ठेवायचं हे त्यांचं काम. यकृताच्या गाठीत मात्र त्या गाठीच्याच होऊन जातात. तिच्यात फुगून बसतात, तिला नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून खटपट करतात, आणि तिला मारायला आलेल्या मारक पेशींना गुंगवून टाकतात. मी खादाड पेशींना लाल रंग देते, मारक पेशींना तपकिरी. बहुतेक काचांवर मधे लालच लाल असतं. तपकिरी ठिपके कडेला, तंतूंच्या कुंपणाबाहेर खोळंबलेले. आत शिरलेले चारदोन असतात, तेही थकून निकामी झालेले. ते लाल पाहिलं की मला अजूनही घशाशी येतं.

त्या मार्चमध्ये माझ्या टेबलावर खाम्पानमामाचा तुकडा आला.

खाम्पानमामा आईचा धाकटा भाऊ, आणि वीस वर्षं आमच्या गावचा आरोग्य स्वयंसेवक. दरवर्षी शौचाच्या नमुन्यांसाठी डब्या घरोघर वाटायचा, गोळा करून केंद्रावर पोचवायचा, आणि कर्ण्यावरून गावाला दम भरायचा की कच्चा मासा खाऊ नका. नदीतल्या कच्च्या माशातून जंत पोटात जातो, पित्तनळीत वर्षानुवर्षं राहतो आणि पुढे तिथेच गाठ धरते, हे आमच्या गावाने त्याच्याच तोंडून ऐकलं. त्याचे स्वतःचे डोळे पिवळे झाले तेव्हा बुआलोयमामी म्हणाली, ऊन लागलं असेल.

सर्जननी पोट उघडलं, गाठ काढण्यापलीकडे गेलेली पाहिली, नखाएवढा तुकडा घेतला आणि पोट शिवलं. मग डॉक्टर वोरावितनी मला बोलावलं. त्यांच्याकडे एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. थकलेल्या मारक पेशींना जागं करणारं औषध. पण ते घ्यायचं तर गाठीत मारक पेशी मुळात हव्यात. भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या भागात सरासरी तीस तरी. मी गाठीच्या मध्यात दहा जागा मोजल्या. सरासरी चार. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि कडेला किती आहेत ते विचारलं. कडेला एकसष्ट होत्या.

"कड पण गाठीचीच ना, दुआन?" ते हळूच म्हणाले. "काच परत कोणी बघायला येत नाही."

माणूस वाईट नव्हता. मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी हे सुचवलं होतं. आदल्या रविवारी मामीने माझे दोन्ही हात धरून मामाला वाचव म्हणून विनवणी केली होती, तेही त्यांना माहीत होतं. मी चार खोडून एकसष्ट लिहिलं. मग तीनदा साबणाने हात धुतले, आणि तरी दुपारी त्या हाताने भाताचा गोळा करवेना.

मामाचं नाव चाचणीच्या यादीत लागलं. पुढच्या आठवड्यात तो तपासणीसाठी रक्त द्यायला आला. कातडी हळदीसारखी झाली होती, शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. मला म्हणाला, इतकी वर्षं तू माणसांच्या गाठी बघतेस, आज माझी मला दाखव. नियमात ते बसत नव्हतं. पण जेवणाची सुट्टी होती आणि खोलीत कोणी नव्हतं. मी काच लावली. तो भिंगात डोळा घालून बराच वेळ बसला.

"यातली गाठ कुठली?"

"निळं दिसतंय ते."

"आणि हे लाल? हेपण तिचेच?"

"नाही मामा. ते आपले. तुझ्या शरीराचे."

"आपले? मग तिथं बसून करतात काय?"

"तिला पोसतात."

तो हसला. नीट बसला, तोंड पुसलं, आणि मी काही विचारलं नसताना बोलायला लागला.

नमुने द्यायला लोक लाजायचे, टाळायचे. केंद्रावरचा साहेब मात्र शंभर घरांमागे नव्वद डब्या मागायचा. कमी पडल्या तर सगळ्यांदेखत फैलावर घ्यायचा. एका वर्षी मामाने डुकरांच्या गोठ्यामागे बसून उरलेल्या चाळीसेक डब्या स्वतःच भरल्या. स्वतःचं चालणार नव्हतं, कारण तो माशाची कच्ची चटणी दारूसोबत दर आठवड्याला खायचा. म्हणून धाकट्या नातीचं घेतलं. ती तेव्हा दोन वर्षांची, कच्च्या माशाला तोंड न लावलेली. आइस्क्रीमच्या काडीने प्रत्येक डबीत थोडं थोडं घातलं, वर लोकांची नावं लिहिली. अहवाल आले, सगळे स्वच्छ. साहेब खूश. मग पुढची सहा वर्षं तेच.

"एका पोरीचं चाळीस डब्यांत?" मी विचारलं.

"बेचाळीस," तो म्हणाला. आणि माझा चेहरा बघून पुन्हा हसला. "अगं, वास काय, सगळ्यांचा सारखाच."

मला थोंगदाम आठवला. मामाच्या पलीकडच्या घरात राहायचा, मासेमारीची जाळी विणायचा. माझा अहवाल तीन वर्षं स्वच्छ आहे, असं छाती पुढे करून सांगायचा, आणि पानात कच्चं वाढून घ्यायचा. एक्कावन्नाव्या वर्षी गेला. त्याची गाठ मीच कापली होती. मी मामाला थोंगदामचं नाव सांगितलं. मामा म्हणाला की तो तसाही ऐकणाऱ्यातला नव्हता. मग चप्पल शोधायला वाकला. मी खोलीबाहेर गेले आणि बेसिनमध्ये ओकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टर वोरावितांकडे गेले आणि एकसष्ट खोडून पुन्हा चार लिहिलं.

"तुझा मामा आहे तो," ते म्हणाले.

"म्हणून तर आधी खोटं लिहिलं."

मामाचं नाव यादीतून निघालं. चार खरं होतं, आणि चार मारक पेशींना जागं करून त्या औषधाने काही भलं केलं असतं असं मला वाटत नाही. पण त्या सकाळी मी खऱ्यासाठी गेले होते की त्याला शिक्षा करायला, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे, आणि जे उत्तर येतं ते मला आवडत नाही. मामाला मीच जाऊन सांगितलं. तो पडवीत पडून होता. बरं झालं, त्या औषधाने पोट बिघडतं म्हणे, एवढंच बोलला. डब्यांचं केंद्रावर सांग म्हणून मी त्याला दोनदा विनवलं. त्याने कूस बदलली. शेवटी मीच सांगितलं. मामीने अंगणात सगळ्या गावासमोर मला विचारलं की मरणाऱ्या माणसाच्या तोंडाला शेण फासून मला काय मिळालं.

तो जूनमध्ये गेला. सांगण्यासारखं शांत मरण नव्हतं ते. शेवटचे दहा दिवस तो दिवसरात्र अंग खाजवून रक्त काढत होता, आणि त्या खोलीचा वास मामीच्या केसांतून पावसाळाभर गेला नाही.

नव्या तपासणीसाठी केंद्राला माणूस मिळेना. मामाचं कळल्यापासून गावातला कोणी ते काम हातात घ्यायला तयार नव्हता. मी रजा काढून आठवडाभर दारोदार फिरले. लोक डबी देताना टोमणे मारायचे. एक म्हातारा म्हणाला, "घे, पण माझं माझ्याच नावावर ठेव हां, वाटून टाकू नकोस." सगळे हसले, मीही हसले, आणि ती कोमट डबी पिशवीत टाकली. खोटे अहवाल मिळालेल्या बेचाळीसांपैकी थोंगदाम धरून तिघं गेली होती. उरलेल्यांपैकी एकोणीस जणांत जंताची अंडी निघाली. त्यांना गोळ्या दिल्या. दोघांच्या यकृतात सोनोग्राफीत काहीतरी दिसलं, त्यांना पुढे पाठवलं.

मामाच्या त्या बेचाळीस नावांच्या जुन्या यादीत सतरावं नाव माझं होतं. लग्नानंतरही माझी नोंद आईच्याच घरात राहिली होती. मामा डबी मागायला माझ्यापर्यंत कधी आलाच नव्हता, आणि डबी न देताही अहवाल स्वच्छ येतो म्हणून मीही कधी विचारलं नाही. शहरात राहायला जाईपर्यंत सणासमारंभाला सगळ्यांबरोबर मीही कच्चं खाल्लं होतं. माझा नमुना मी दुसऱ्या कुणाला दिला नाही. स्वतःच काचेवर घेतला, स्वतःच भिंगाखाली सरकवला. तिसऱ्या फेरीत दिसलं. पिवळसर, छोटं, वर टोपणासारखं झाकण असलेलं अंडं. मग त्याच्या बाजूला आणखी एक.

मी गोळ्या घेतल्या. चार दिवस तोंडाला कडवट चव होती आणि स्वतःच्या उजव्या कुशीवर, यकृत असतं तिथे, हात ठेवावासा वाटत नव्हता.