हरितगृहाचे पडदे

तिने गाडी फाटकातच सोडली आणि हरितगृहाकडे धाव घेतली. येताना वाटेत उडालेले पत्रे आणि आडवी झालेली झाडं दिसली होती. आत ढोबळी मिरची तोडणीला आलेली. पडदे उघडे राहिले असते तर सगळ्या मेहनतीची माती झाली असती. दाढ काढायला गेली म्हणून फोन बंद ठेवला, आणि वादळानेही नेमकी तीच वेळ गाठली.

पडदे चारही बाजूंनी बंद होते. आत एक पानही फाटलं नव्हतं.

दुपारी मेकॅनिक तपासणीला आला, तेव्हा बधिर गालाने तिने सेन्सरचं तोंडभर कौतुक केलं. वारा वाढला की सेन्सरने कळवायचं आणि मोटरने पडदे पाडायचे, यासाठीच तर एवढा खटाटोप केला होता. मेकॅनिक शिडीवर चढला आणि सेन्सर हातात घेऊनच खाली उतरला.

"ताई, याची वायर तुटून महिने झाले असतील. हा नुसता शोभेला होता."

"मग पडदे?"

त्याने तिच्या फोनवर अ‍ॅप उघडून दाखवलं. "दुसऱ्या फोनवरून कुणीतरी बंद केलेत. एकेक करून."

दुसरा फोन कुणाचा, हे तिला विचारावं लागलं नाही. घटस्फोटानंतर नवरा कपाटातले कपडे, पुस्तकं, सगळं घेऊन गावातल्या खोलीवर गेला. अ‍ॅपमधून त्याला काढायचं मात्र दोघांनाही सुचलं नव्हतं.

मेकॅनिक गेल्यावर ती नळावर हात धूत उभी राहिली. मग फोन लावला.

"पडदे तू पाडलेस?"

"इकडे वारा सुटला, आणि अ‍ॅपवर पडदे उघडेच दिसत होते. तुझा फोन लागेना." तो थांबला. "आवाज असा का येतोय? रडतेयस?"

"दाढ काढली."

"उजवीकडची? ती कधीची छळत होती तुला."

तिने गालावर हात ठेवला.

"माझा नंबर काढून टाक त्या अ‍ॅपमधून," तो म्हणाला. "मीच आधी सांगायला हवं होतं."

तिने मिरचीच्या रांगांवरून नजर फिरवली.

"रविवारी तोडणी आहे. चार माणसं सांगावी लागतील."



"तीनच सांग," तो म्हणाला.