एकशे चाळीस सह्यांची चौकी

सलूनवाल्याला सगळी गल्ली रेडिओ म्हणायची. कात्री हातात आली की तो सुरू व्हायचा, तो गिऱ्हाईक खुर्चीतून उठेपर्यंत. दोन महिन्यांत तीन घरं फुटली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी पोलीस चौकी हवी, असा अर्ज घेऊन दारोदार फिरला तोच. एकशे चाळीस सह्या जमल्या. चौकी झाली, चोऱ्या थांबल्या आणि रेडिओची कॉलर ताठ झाली.

चौकीतला जमादार रोज सकाळी दाढीला यायचा. डोळे मिटून बसायचा, "काय म्हणतेय गल्ली?" एवढंच विचारायचा. मग काय! कुणी भाडेकरू ठेवलाय, कुणाचं कुणाशी फाटलंय, रेडिओ सगळं सांगायचा. त्याचं बोलणं इतकं मन लावून त्याच्या बायकोनेही कधी ऐकलं नव्हतं.

पुढे नवा हुकूम निघाला: परवानगीशिवाय पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही. शाळेतले मास्तर केस कापून घेताना म्हणाले, "आता माझ्या वर्गाला रोज चाळीस अर्ज करावे लागणार." सलूनभर हशा पिकला. दुसऱ्या दिवशी रेडिओने ते जमादाराला ऐकवलं, थोडं तिखटमीठ लावून. "मास्तर म्हणतात, मी हा हुकूम पाळणार नाही, पोरांनाही पाळू देणार नाही."

जमादारही हसला. गुरुवारी मास्तरांना वर्गातून उचललं.

रात्री ताटावर बायकोने विचारलं, "तुम्ही काही बोलला होता का?"

रेडिओने ताट बाजूला सारलं. तिला ते पुरलं.

सकाळी तो चौकीत गेला. "साहेब, ते शब्द मास्तरांचे नव्हते. माझ्या पदरचे होते."

जमादाराने वही पुढे ओढली. "मी माझ्या मनाचं काही लिहीत नाही. तू सांगतोस ते लिहितो. चौकी तुम्हीच मागितलीत, आता कान झाकून बसू का?"

"मग हेही लिहा."

"लिहीन. पण मग खोटी माहिती दिल्याचा गुन्हा तुझ्यावर. विचार कर."

रेडिओने दोन दिवस विचार केला. दोन दिवस सलूनमध्ये फक्त कात्रीचा आवाज. मग मास्तरांना सोडा, असा अर्ज त्याने लिहिला, त्यात आपली चूक कबूल केली आणि पुन्हा तीच दारं वाजवली. किराणावाला म्हणाला, "परवान्याचं नूतनीकरण आहे रे, पुढच्या महिन्यात बघू." ज्यांचं घर फुटलं होतं त्या काकू दाराची साखळी न काढताच म्हणाल्या, "कर नाही त्याला डर कशाला? काहीतरी केलंच असेल त्यांनी." पहिली सही बायकोची होती. मास्तरांच्या बहिणीने सगळा कागद वाचला, त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि सही करून दार लावून घेतलं. सगळ्या मिळून अकरा झाल्या.

नवव्या दिवशी मास्तर सुटले. अर्जामुळे की आणखी कशामुळे, कोणी सांगितलं नाही. शाळेने त्यांना परत घेतलं नाही. रेडिओवर गुन्हा नोंदला गेला, दर सोमवारी चौकीत हजेरी लागली. जमादार दाढीला येतच राहिला. आता तो काही विचारत नसे.

एका दुपारी मास्तर सलूनमध्ये आले. केस कानांवर आले होते. रेडिओने खुर्ची झटकली. "मास्तर, मीच बोललो होतो."

"ठाऊक आहे. मला वाचून दाखवलं तिथे. माझ्या विनोदाची पार वाट लावलीस." ते हसले नाहीत. खुर्चीत बसले. "काप. आखूड काप."

रेडिओने त्यांच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं. बाकावर दोन गिऱ्हाइकं नंबर लावून बसली होती. एकाला अचानक काम आठवलं. दुसऱ्याने तेवढीही सबब सांगितली नाही, वर्तमानपत्राची घडी घातली आणि तो उठून गेला.