नवी चित्ता

'चित्ता' ही जुनी स्पोर्ट्स कार कंपनीनं नव्यानं काढली, म्हणून राजाजीनगरच्या शोरूममध्ये आमच्या ह्यांचा अख्खा कार क्लब जमला होता. तरुण पोरं खूश होती, म्हातारे पेटले होते.

"गिअर नाही, क्लच नाही! ही कसली चित्ता?" महांतेशअण्णा ओरडले.

"आता काय, बायकासुद्धा चालवतील," आमचे हे म्हणाले, आणि सगळे खो-खो हसले. खूश असलेली पोरंसुद्धा.

माझं डोकंच फिरलं. मी सरळ जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले.

"कौशल्या, उतर खाली! स्टिअरिंगवर बोटं उमटतील," हे खेकसले.

लग्न होऊन आले तेव्हापासून घरची जुनी चित्ता दर रविवारी मीच पुसते. तिच्या स्टिअरिंगवर माझा हात फिरलाय, तो फक्त फडकं घेऊन.