रक्ताच्या काचेवरची तीट

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, साक्रीकडच्या एका दवाखान्यातला. आता अडगळीत पडलो आहे. पण मित्रांनो, माझ्या या एका डोळ्यानं मी पुष्कळ हिवताप पाहिला.

माझ्यावर कुंदाबाई काम करायच्या. रक्ताच्या काचेत हिवतापाचे जंतू दिसले, की डॉक्टरांना जागा चटकन सापडावी म्हणून त्या शेजारी काळ्या शाईचा ठिपका देत. त्याला त्या 'तीट' म्हणत. मला रोज मऊ फडक्यानं पुसत. असे लाड नशिबानंच होतात.

पावसाळा सरला की काचांचा ढीग साचे. तपासून होईपर्यंत रोगी हातचा जाई. म्हणून एक्क्याण्णव साली जळगावचे गिरधर सर आले, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारे. त्यांनी माझ्या डोळ्यावर कॅमेरा बसवून तो कॉम्प्युटरला जोडला. कपाटातल्या जुन्या काचा दाखवून ते त्याला शिकवू लागले : ही आजारी, ही निरोगी. पुढे त्याच कपाटातल्या उरलेल्या काचांवर त्याची परीक्षा घेतली, तर तो एकही काच चुकेना. दवाखान्यात पेढे वाटले. पाहत मी होतो, नाव मात्र त्याचं झालं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

दुसऱ्याच दिवशी पार्वताबाई आपल्या तापलेल्या लेकीला, लिलाबाईला, घेऊन आल्या.

"ताई, मनी पोरले हिव वाजस. तुम्हीच देखा ना."

"अक्का, आते मशीन देखस. ते चुकस नई," कुंदाबाई म्हणाल्या.

लिलाबाईच्या रक्ताची काच माझ्याखाली आली. जंतू मला ढीगभर दिसत होते. पण मला वाचा नाही. पडद्यावर उमटलं, 'निरोगी'. साध्या तापाच्या गोळ्या देऊन तिला घरी धाडलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

बातमी कळताच कुंदाबाईंनी कॅमेरा उपटून काढला, लिलाबाईची काच पुन्हा माझ्याखाली ठेवली आणि माझ्यावर डोळा टेकवला.

"सर, इथे तर जंतूच जंतू आहेत!"

गिरधर सरांनी ती काच हातात घेतली, मग कपाटातली एक जुनी घेतली. दोन्ही उजेडात शेजारी शेजारी धरल्या.

"जुन्या आजारी काचांवर तीट होती, बाई. हा कॉम्प्युटर जंतू ओळखायला शिकलाच नाही. तीट ओळखायला शिकला."

नव्या काचेला आधीच तीट कोण लावणार होतं?

तेवढ्यात पार्वताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मशीन चुकस नई ना, ताई? मंग मनी लिला कशी गयी?"

कुंदाबाईंनी तोंडाला पदर लावला.

मित्रांनो, यंत्राला जरूर शिकवा. पण ते नेमकं काय शिकलं, हे पारखल्याशिवाय त्याच्या हाती कुणाचा जीव देऊ नका. तुमच्या दारात पार्वताबाईंसारखं विचारायला कुणाची आई येऊ नये, एवढंच माझं मागणं आहे.