कोपऱ्यातली धाकटी

"पाण्याची वाट अडवू नये, सगुणे... त्याला आपली वाट आठवते."

महिपतचा, तिच्या नवऱ्याचा आवाज, पंचवीस वर्षांपूर्वीचा, याच तळघरातला. आणि आता तिच्या हातात काशीराम प्लंबरने 'धरा जरा काकी' म्हणून दिलेला पाइपचा एल्बो, पांढरा, गुळगुळीत, कोपरात मुडपलेल्या हातासारखा. एका तोंडाला डोळा लावला तर दुसऱ्या तोंडाचं काही दिसत नाही. सगुणा तो नुसता फिरवत राहिली.

घर भाट्याच्या चढावर, तळघर उताराच्या पोटात. महिपतने जांभा फोडून मासेमारीची जाळी ठेवायला केलेलं. आता तिथे न्हाणी, संडास, स्वयंपाकघर व्हायचं होतं. काशीराम तिच्या लेकाला, विनीतला, समजावत होता की मैल्याची टाकी वर अंगणात, खालची घाण आपसूक चढायची नाही; उताराला भावकीचं आगर, ते पाइप नेऊ देणार नाहीत; म्हणून या कोपऱ्यात चार फूट खड्डा, खड्ड्यात मोटार, आणि मोटारीने सगळं वर ढकलायचं. त्याने निळ्या खडूने चौकोन आखला.

त्याच कोपऱ्यात श्रावणात झरा फुटतो.

विनीतला ते ठाऊक नाही. शाळेपासून तो मुंबईत, मामाकडे; यायचा तो मे महिन्यात, जांभा हाडासारखा कोरडा असताना, आणि गणपतीत आला तरी जाळ्यांच्या त्या अंधारात कोण उतरणार... महिपत मात्र नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ देऊन आला की फोडलेल्या नारळाचं एक भकल या कोपऱ्यात ठेवायचा. खाडी थोरली, झरा धाकटी; थोरलीला दिलं, मग धाकटीनं काय केलंय — म्हणायचा नि हसायचा. करंगळीएवढा पाट त्याने भिंतीखालून काढून दिला होता तिला. या होळीला सगुणा देवरुखला बहिणीकडे गेली, आणि परतली तेव्हा विनीतने कोबा घातलेला, पाट बुजलेला.

खडपाच्या पोटी पाण्याचं माहेर,
कशी काढू बाहेर लेक माझी...

ओवी ओठांपाशी आली आणि तिने ती गिळली. सकाळीच काशीरामने सरळ विचारलं होतं, पावसात हितं पाणी लागतं काय काकी? आणि ती म्हणाली होती, नाय.

पाहुण्यांसाठी खोली, असं विनीत सांगतो. समुद्र बघायला येतात ती माणसं. पण काल सुनेने, पूर्वीने, तिला भिंतीला टेकवून उभं केलं, आई हात जरा दुमडा म्हणाली, आणि तिच्या कोपराच्या उंचीला ओट्याची खूण पेन्सिलीने केली. संडासाशी धरायला स्टीलची दांडी. कुठल्या पाहुण्याचे गुडघे माझ्यासारखे धरतात? वरच्या स्वयंपाकघरात सुकटीचा वास बसतो म्हणे — ज्या वासाची टोपली डोक्यावर घेऊन मी याला शिकवला, तो वास... असू दे. भरू दे खड्डा. बुडू दे मोटार. येऊ दे घाण फरशीवर, मग मला वर घ्यावीच लागेल... या विचाराची चव क्षणभर गोड लागली, आणि मग आदल्या दिवशीच्या कालवणासारखी आंबली. कारण त्या खड्ड्यात सगळ्यांच्या आधी बाटणार होती ती धाकटी.

काशीरामने ब्रेकर चौकोनावर टेकवला.

"काशीराम, तिकडं नको. झरा हाय तिथं. श्रावणात येतो."

काशीराम थांबला. विनीत वाकून कोबा बघू लागला.

"मग सकाळी नाय का म्हणालीस गो आये?"

तिने एल्बो काशीरामच्या हाती परत दिला. आवाज चढला नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

"सकाळी तू पाहुण्यांची खोली म्हणालास. पाहुणे बुडले तर माझं काय जातंय? आये, तुझी खोली हाय, असं म्हणाला असतास तर तेव्हाच सांगितलं असतं."

विनीत उठला नाही. काशीरामने पायाने खडूची रेघ पुसली. आता खड्डा दुसऱ्या कोपऱ्यात होईल, नीट होईल, पाट मोकळा होईल, खोलीही होईल... धाकटीची वाट तिने राखली, स्वतःची? बोलल्यावर छाती हलकी होते म्हणतात. तिची झाली नव्हती. तिथे फक्त जागा झाली होती, रिकामी, आणि तिच्यात कुठून तरी गार काही झिरपू लागलं होतं.