फळ्यावरचे नव्वद

मी फळाच आहे, पण शाळेतला नाही. पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात, स्टोअर आणि मशीन यांच्या मधल्या भिंतीवर माझं आयुष्य गेलं. जन्म सुतारकामाच्या शेडमधला. खोक्यांतून उरलेलं प्लायवूड, वर हिरव्या रंगाचे दोन हात, झालो तयार! डावीकडे पाच मशिनांची नावं, वर सोमवार ते शनिवार. कुठल्या दिवशी कुठल्या मशिनवर काय काम आणि त्याला लागणारा माल स्टोअरमध्ये किती, हे सगळं माझ्या अंगावर.

माणसं दिवसातून दहादा माझ्यासमोर येत. पण माझ्याकडे म्हणून कोणी पाहत नसे. आपापला चौकोन बघायचा आणि वळायचं.

माझ्यावर लिहायची ती ताई. कामाचं वेळापत्रक तिच्याकडे. रोज सकाळी स्टोअर सांभाळणारे काका रॅकवरची कार्डं घेऊन यायचे, आकडे वाचायचे आणि ती लिहायची. काकांची बायको गेलेली, मुलगी दूरच्या गावी. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते गेटपर्यंत चक्कर मारून जात, असं वॉचमन हसत सांगायचा. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

हल्ली काका कार्ड अगदी नाकाशी नेत. ताईची पाठ त्यांच्याकडे असायची. दिसायचं ते मलाच. पण फळ्याला लिहून घेता येतं, सांगता येत नाही.

एका सोमवारी काका म्हणाले, "सील, नव्वद."

ताईने नव्वद लिहिले. पंपातून पाणी गळू नये म्हणून बसवायचं हे रबरी सील, प्रत्येक पंपाला एक. एका गावाच्या पाणीपुरवठ्याचे ऐंशी पंप शनिवारी निघायचे होते. माल आहे म्हटल्यावर ताईने गुरुवार, शुक्रवार त्या कामाला देऊन टाकले.

गुरुवारी दहा पंप जोडून झाले आणि सील संपले. कार्डावर दहाच होते. एक आणि नऊ, शेपटीचा काय तो फरक! नवे सील यायला आठ दिवस लागणार होते. जोडणीवरची बारा माणसं हात बांधून बसली आणि तिकडे एक गाव आठ दिवस टँकरवर राहणार होतं.

साहेब तरातरा आले. "हा आकडा कोणाचा?"

"अक्षर माझं आहे," ताई म्हणाली.

सगळ्यांदेखत साहेबांनी तिला नको नको ते सुनावलं. काका मागे उभे होते.

जेवणाच्या सुट्टीत सगळे गेले तेव्हा काका एकटे माझ्याजवळ आले. इतके जवळ, की त्यांचा श्वास मला लागला. बोटाने ते नव्वद चाचपत होते. ताई डबा न उघडताच परत आली होती.

"काका, खालची ओळ वाचा बघू."

"चष्मा विसरलो गं."

"चष्मा डोळ्यांवर आहे, काका."

ते खाली बसले. "दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले, आता सुधारणार नाही. तुला सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं मला. तिथे भिंतींशी बोलू का?"

ताईला राग आवरत नव्हता आणि रडूही. "मला एकदा विचारायचं तरी सुचायला हवं होतं," एवढंच ती म्हणाली.

काका उठले, स्वतःच साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि खरं ते सांगून आले. महिनाअखेरीस त्यांनी काम सोडलं. तोवर रोज ते हाताने माल मोजत आणि ताई शेजारी उभी राहून लिही. शेवटच्या दिवशी निरोपाचं भाषण झालं, हार झाला. माझ्यासमोरून जाताना ते थांबले नाहीत. त्यांना मी दिसलोच नसेन.

पुढे कॉम्प्युटर आला. ताई बढती घेऊन दुसऱ्या कारखान्यात गेली. जाण्याआधी तिने ओल्या फडक्याने मला स्वच्छ पुसलं, कोपरेसुद्धा.

आता मी पॅकिंगच्या खोलीत, तोंड भिंतीकडे करून उभा आहे. सकाळी मशीन सुरू झाली की आवाजावरून ओळखायचा प्रयत्न करतो, आज दोन नंबरवर काय लागलंय? कोणाचं काम मागे पडलंय? बरोबर की चूक, सांगायला कोणी येत नाही.

तुम्ही कधी या खोलीत आलात तर मला एवढं वळवून ठेवा. लिहू नका काही. दार उघडं असतं, तिथून माणसं जाताना दिसतात म्हणे.