गोळीच्या दोन रेघा

मित्रांनो, शाळेतले फळे तुम्ही रोजच बघता. मी मात्र इस्पितळातला फळा आहे. जुना, काळा, एका कोपऱ्याला टवका उडालेला. सुताराने मला रंधा मारला तेव्हा वाटलं होतं, माझ्यावर कविता लिहितील, फुलं काढतील. कुठलं काय! वाट्याला आले आकडे. पण खरं सांगू? माझं नशीब थोर, म्हणून मी या खोलीत आलो.

इथे पीएच.डी.ची मुलं शिकतात. ती कुणाची नाडी बघत नाहीत. हृदयविकाराच्या हजारो रुग्णांची माहिती घेऊन, कोणत्या औषधाने खरंच गुण येतो, हे ती गणिताने शोधतात. शिकवायला आमच्या मॅडम. त्यांचा एक हट्ट. संगणक काहीही सांगो, आधी माझ्यापाशी उभं राहून खडूने समजावून द्यायचं. मुलं कुरकुरायची. मध्यंतरी भिंतीवर संगणकाचा चकचकीत पडदा आला आणि माझी रवानगी दाराआड झाली. सफाईवाले मामा माझ्यावर ओली फडकी वाळत घालायचे, बोला! मॅडमनीच मला पुन्हा भिंतीवर लावून घेतलं. त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही.

त्यांच्या एका विद्यार्थिनीला सगळे धांदल म्हणायचे. चहा पिताना ओढणी कपात बुडवणारी पोर ती! तिच्या बाबांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. झटक्यानंतर घ्यायच्या एका गोळीवरच तिचा चार वर्षांचा अभ्यास होता. एके सकाळी तिने माझ्यावर दोन रेघा काढल्या. एक गोळी घेतलेल्यांची, एक न घेतलेल्यांची. जितके जास्त लोक जगले, तितकी रेघ वर. गोळीवाल्यांची रेघ भलतीच वर होती.

"मॅडम, बघा ना! बाबांना आजच गोळी सुरू करायला सांगते."

"थांब गं बाई जरा. रुग्णांना गोळी सुरू झाली कधी?"

"घरी गेल्यावर. दोनेक महिन्यांनी."

"आणि त्याआधीच जे दगावले, ते कुठल्या रेघेत धरलेस?"

"ते... गोळी न घेतलेल्यांत."

"अगं, गोळी घ्यायला माणूस आधी दोन महिने जगायला नको का?"

धांदलचा चेहरा खर्रकन उतरला. लोक जगले होते म्हणून त्यांना गोळी मिळाली होती, आणि ही म्हणत होती, गोळीमुळे जगले! तिने डस्टर उचललं, तसा मॅडमनी तिचा हात धरला. "पुसू नकोस. खाली नीट काढ. तूच काढ." मग तिने दोन्हीकडे पहिले दोन महिने पार केलेलेच रुग्ण धरले आणि पुन्हा रेघा काढल्या. दोन्ही एकमेकींना चिकटल्या.

"गेली माझी पीएच.डी.!" ती मुळूमुळू रडायला लागली.

"जाते कशाला? गोळीचा उपयोग नाही, हे कळलं ना? मग तेच लिही."

तिने तेच लिहिलं. परीक्षकांनी माझ्यासमोरच तिला प्रश्न विचारून घाम फोडला, आणि पदवी दिली. तेव्हा मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

त्या दिवशी तिचे बाबाही आले होते. मला न्याहाळत म्हणाले, "एवढं शिकलीस, आणि शेवटी मला गोळी काही नाहीच?"

"नाही, बाबा. डॉक्टरांनाही पटलंय. फायदा शून्य, वर पोटात रक्तस्राव व्हायची भीती."

"बरं झालं बाई. तू म्हणाली असतीस, तर मी डोळे मिटून घेतली असती."

धांदलने बाबांचा हात घट्ट धरून ठेवला.

मित्रांनो, मला हात नाहीत, तरी हात जोडून सांगतो. फळ्यापाशी कुणी चुकलं तर हसू नका, आणि चूक घाईने पुसूही नका. जरा थांबून नीट बघा. त्या रेघेवर भरवसा ठेवून कुणाचे तरी बाबा बसलेले असतात.